सोलापूरचे ऊन आणि गाडीचे टायर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळा जवळ आला की टायरविषयीची पत्रे वाढतात. या वेळी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवून हे सदर संपूर्ण टायरांना दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नांचा मजकूर गरजेप्रमाणे संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. तिचे टायर १८५/६५ आर १५ या मापाचे (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के उंच, रिम १५ इंची) असून गाडीबरोबर आलेला पहिला संच ५५,००० किलोमीटर चालून गुळगुळीत होत आला आहे. जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी अशी रोजची जा-ये आणि महिन्यातून एक-दोनदा पुणे, असा गाडीचा वापर आहे. मला गाडी थोडी जोशात चालवायला आवडते. परदेशी परीक्षणांत ‘समर परफॉर्मन्स’ टायरांची बरीच स्तुती वाचायला मिळते. चार टायरांसाठी २५,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. आमच्या उन्हात टिकेल, पकड चांगली देईल आणि खिशालाही परवडेल, असा टायर कोणता घ्यावा? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : युरोप-अमेरिकेत टायरांचे उन्हाळी, हिवाळी आणि बारमाही असे वर्ग पाडले जातात, कारण तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि त्याची पकड घटते. सोलापुरात पारा इतका उतरण्याचा प्रसंग जवळजवळ येतच नाही. मे महिन्यात तो ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारचे डांबर ६० अंशांच्याही पुढे तापते. त्यामुळे आपल्याकडच्या दुकानात गाडीसाठी मिळणारा जवळजवळ प्रत्येक टायर उन्हाळीच असतो आणि ‘खास उन्हाळ्याचा’ म्हणून कोणी वरचे पैसे मागत असेल, तर ते देण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नातला खरा विचार करण्याजोगा भाग ‘परफॉर्मन्स’ हा आहे.

परफॉर्मन्स टायरमध्ये रबराचे मिश्रण तुलनेने मऊ ठेवलेले असते, नक्षीचे ठोकळे मोठे आणि भक्कम असतात, बाजूची भिंत ताठ असते. त्यामुळे वळणावर टायर कमी वाकतो, स्टिअरिंगला गाडी लगेच प्रतिसाद देते आणि ब्रेक लावल्यावर ती लवकर थांबते. याची किंमत मात्र दोनदा मोजावी लागते, एकदा दुकानात आणि दुसऱ्यांदा रस्त्यावर, कारण मऊ रबर लवकर झिजते आणि ताठ भिंत खड्ड्यांचा प्रत्येक हादरा जसाच्या तसा आत पोहोचवते. शिवाय अस्सल परफॉर्मन्स टायर मुख्यतः १६ इंचांपासून पुढच्या रिमसाठी बनतात. १५ इंची रिमच्या मालकाला निवड फारशी मिळत नाही. म्हणून आपल्यासारख्या वाचकाने रोजच्या वापराच्या टायरांतच पकडीकडे झुकणारा टायर शोधावा, असे माझे मत आहे.

आता ही पकड नेमकी कोठे लागते, ते पाहू. कोरड्या आणि बऱ्या डांबरावर कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा, योग्य हवा भरलेला नवा टायर नेहमीच्या वेगाला पुरेसा असतो. टायरांमधला खरा फरक उघडा पडतो तो ओल्या रस्त्यावर. सोलापूर कोरडा जिल्हा असल्यामुळे येथे ओल्या रस्त्याचा विचार कोण करतो, असे अनेकांना वाटते. धोका नेमका या समजुतीत आहे. अनेक महिने रस्त्यावर साचलेले तेल, रबराचा चुरा आणि धूळ यांचा पहिल्या सरीबरोबर निसरडा लेप तयार होतो आणि त्या अर्ध्या तासात तुळजापूरच्या घाटात किंवा पुणे महामार्गाच्या उड्डाणपुलावर अचानक ब्रेक लावावा लागला, तर चांगल्या आणि सुमार टायरमधले अंतर समोरच्या ट्रकच्या मागच्या फळीवर मोजले जाते. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, त्या दिवसांत शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचे लोंदे डांबरावर सोडून जातात. पुढे उसाच्या हंगामात अवकाळी सर आली, तर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तोच प्रकार घडतो. तेव्हा दुकानदाराला ‘स्पोर्टी टायर दाखवा’ असे न सांगता ‘ओल्यात ब्रेक चांगला लागणारा टायर दाखवा’ असे सांगावे. रबरात सिलिका घातलेले टायर या बाबतीत उजवे ठरतात. सिलिकामुळे ओल्यातली पकड वाढते आणि टायर फिरवायला लागणारी शक्तीही कमी होते.

टायरच्या भिंतीवर मापापुढे ‘८८ एच’ अशासारखी खूण असते, तीही वाचायला हवी. यातला ८८ हा भाराचा निर्देशांक असून एका टायरने ५६० किलोपर्यंत भार पेलावा, असा त्याचा अर्थ आहे. ‘एच’ हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची मर्यादा सांगते. ‘टी’ म्हणजे १९०, ‘व्ही’ म्हणजे २४०. चौपदरी महामार्गावर मोटारीला १०० ची मर्यादा असताना २१० चे काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु वरच्या वेगासाठी प्रमाणित झालेल्या टायरने तेवढ्या वेगात निर्माण होणारी उष्णता सोसलेली असते आणि त्यासाठी नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांवर नायलॉनचे आवरणही बहुधा दिलेले असते. सोलापुरातून दुपारी निघून चार तास सलग पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला ही उष्णता सोसण्याची ताकद उपयोगी पडते. म्हणून गाडीच्या मूळ टायरवर जे अक्षर असेल, त्याच्या खालचे अक्षर कधीही घेऊ नये. ‘टी’च्या जागी ‘एच’ मिळत असेल आणि किमतीत फार फरक नसेल, तर ‘एच’ घ्यावा. हे अक्षर पकडीचे माप मात्र नव्हे. ‘व्ही’ असलेला टायर ओल्यात घसरू शकतो आणि ‘टी’ असलेला धरून राहू शकतो.

काही टायरांवर ‘ट्रेडवेअर ३४०’ किंवा ‘४६०’ असा आकडाही कोरलेला आढळतो. ही अमेरिकेतील पद्धत असून तेथे टेक्सास राज्यातील सॅन अँजेलो गावाभोवतीच्या ठरलेल्या रस्त्यांवर टायर चालवून त्याची झीज एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात आणि प्रमाण टायरला १०० धरतात. आकडा जितका मोठा, तितका टायर अधिक चालेल, असा ढोबळ अर्थ घ्यावा. अंतिम आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते, म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो बरा. दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये तो वापरला, तर फसगत होते. शेजारी उष्णतेची श्रेणी ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ अशी दिलेली असते, तेथे ‘ए’ पाहावा. आपण वाचलेल्या परदेशी परीक्षणांबाबतही एक सावधगिरी हवी : नाव तेच असले, तरी भारतात विकल्या जाणाऱ्या टायरचा कारखाना, माप आणि रबराचे मिश्रण तेच असेल असे नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांची पट्टी लावलेले टायरही आता दिसतात; त्या पट्टीचा मुख्य रोख इंधनबचतीवर आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

आता नावे. आपल्या मापात अपोलोचा अल्नॅक ४जी हा किंमत आणि पकड यांचा मेळ साधणारा टायर आहे आणि आपल्या जोशाचा विचार करता मी पहिल्यांदा त्याच्याकडे बोट दाखवीन. सीएटचा सिक्युराड्राइव्ह त्याच पंक्तीत बसतो. गुडइयरच्या ॲश्युरन्स ट्रिपलमॅक्स मालिकेचा भर ओल्यातल्या ब्रेकवर आहे, त्यामुळे घाटरस्त्याने वारंवार जाणाऱ्याने तो अवश्य पाहावा. मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी आवाजाने शांत आणि ओल्यात विश्वासाचा आहे, पण तो बहुधा आपले अंदाजपत्रक ओलांडील. ब्रिजस्टोनचा इकोपिया ॲव्हरेजचा विचार करून घडवलेला आहे आणि एमआरएफचे झेडव्हीटीव्ही मालिकेतले टायर टिकाऊपणासाठी घेतले जातात. दोन्ही चांगले, मात्र गाडीत जोश शोधणाऱ्याचे नव्हेत. ज्याला केवळ कामावर जायचे आणि परत यायचे आहे, त्याला मी हीच शेवटची दोन नावे आधी सांगितली असती.

पैशांचा हिशेब दर टायरमागे न करता दर किलोमीटरमागे करावा. समजा, एक टायर ५,००० रुपयांचा असून ५०,००० किलोमीटर चालतो. चौघांचे २०,००० झाले, म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. दुसरा अधिक पकडीचा टायर ६,२०० रुपयांचा असून ४०,००० किलोमीटर चालतो. तो ६२ पैशांना पडला. तिसरा अस्सल परफॉर्मन्स वर्गातला, ८,००० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा. तो रुपयाच्या वर गेला. आपल्या पत्रावरून वर्षाचे १८,००० किलोमीटर सहज होत असावेत. त्या हिशेबाने पहिल्या आणि दुसऱ्या टायरमध्ये वर्षाला सुमारे ४,००० रुपयांचा फरक पडतो, तर पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये १२,००० रुपयांचा. गाडी १६ चे ॲव्हरेज देते असे धरले, तर आपण वर्षाला ११०० लिटरहून अधिक पेट्रोल जाळता. त्या खर्चापुढे चार हजार रुपये देऊन ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत असेल, तर ते द्यावेत. बारा हजारांच्या बाबतीत मी हात आखडता घेईन, कारण सात रस्ता ते पुणे नाका या वाहतुकीत त्या टायरचे गुण दाखवायला जागाच मिळत नाही.

खरेदीच्या वेळी दोन-तीन गोष्टी विसरू नयेत. मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराने जुने दरपत्रक पुढे केल्यास पक्के बिल मागावे. भिंतीवर आयएसआय खूण असल्याची खात्री करावी. बिलात अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह धरले आहेत की नाही आणि जुन्या टायरांचे एक्सचेंजमध्ये किती धरले, हे आधीच विचारावे. नक्षी डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळी असेल, तर टायरवर ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते. ती बाजू बाहेरच आली आहे ना, हे गाडी जॅकवरून खाली उतरण्याआधी स्वतः वाकून पाहावे. गर्दीच्या दुकानात ही चूक होते आणि ती कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी जपून चालवावी, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर नव्या रबरावर राहिलेला असतो आणि तो झिजेपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही.

प्रश्न : मी होटगी रस्त्यावर राहते आणि नोकरीसाठी रोज अक्कलकोटला गाडीने जाते. आमचे पंक्चरवाले काका सांगतात, की उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा तीन-चार पीएसआय कमी ठेवावी. पेट्रोल पंपावर मात्र नायट्रोजन भरून घ्या, म्हणजे काळजी मिटेल, असे सांगतात. यांपैकी कोणाचे ऐकावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : या बाबतीत कोणाचेच ऐकू नये. चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर खांबावर जी पट्टी चिकटवलेली दिसते, तिच्यावरचा आकडा पाळावा. तो आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी आहे आणि उन्हात तापलेली नाही, अशी. पहाटे किंवा सकाळी निघण्याआधी तपासणी करावी, हे उत्तम.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला, तरी तो नेमका उलटा आहे. आकड्यांतच पाहू. सकाळी ३० अंशांत टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे. गाडी न चालवता टायर ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे अडीच पीएसआय वाढून साडेपस्तीसवर जातो. अक्कलकोटहून धावत आलेल्या गाडीत तो आणखी दोन-तीनने चढलेला दिसेल. एवढी वाढ टायर घडवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते आणि तिच्यामुळे धडधाकट टायर फुटत नाही. आता दुपारी दोन वाजता पंपावर ३८ आकडा पाहून कोणी पाच पीएसआय हवा सोडली, तर तोच टायर दुसऱ्या दिवशी सकाळी २८ वर आलेला असतो. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात खाली दबतो आणि वर उठतो, त्याच्या भिंती सतत वाकतात आणि त्या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते. वरून ऊन, खालून डांबर आणि आतून ही उष्णता, अशा स्थितीत रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग मोहोळच्या पुढे कोठेतरी टायरचा धमाका होतो. लोक त्याचा दोष उन्हाला देतात. कमी हवा, जादा भार, जुने रबर आणि वेग हे खरे कारण असते.

नायट्रोजन वाईट नाही, पण त्यात चमत्कारही नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. पंपावरचा नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून थोडा सावकाश गळतो, एवढाच त्याचा लाभ. तापमानाबरोबर त्याचा दाबही साध्या हवेसारखाच वाढतो. नायट्रोजनसाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा एक बरा डिजिटल गेज विकत घेऊन गाडीत ठेवावा आणि दर पंधरा दिवसांनी, तसेच लांबच्या प्रवासाआधी, हवा पाहावी. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा भरली, तर काही बिघडत नाही. गाडीत दाबाची सूचना देणारा दिवा असला, तरी त्याच्यावर विसंबू नये, कारण बऱ्याच गाड्यांत तो हवा बरीच उतरल्यावरच लागतो. पाच माणसे आणि सामान घेऊन पंढरपूरला निघणार असाल, तर त्याच पट्टीवर पूर्ण भारासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो वापरावा. स्टेपनीतली हवा पाहण्याचे मात्र बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीचे मूळ टायर १८५/६५ आर १५ आहेत. त्याऐवजी रुंद २०५/६५ आर १५ किंवा १७ इंची अलॉयवर २०५/४५ बसवले, तर गाडी रस्त्याला अधिक चिकटून धावेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : कोरड्या वळणावर थोडी चिकटेल आणि बाकी बहुतेक ठिकाणी त्रास देईल. मूळ चाकाची एकूण उंची ६२१ मिलिमीटरच्या आसपास आहे. २०५/६५ आर १५ ची उंची ६४७ पर्यंत जाते, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक; त्यामुळे स्पीडोमीटर ९६ दाखवील तेव्हा गाडी १०० ने धावत असेल, गाडी जड खेचेल, ॲव्हरेज उतरेल आणि चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासण्याचीही शक्यता आहे. १७ इंची २०५/४५ ची एकूण उंची मूळ चाकाजवळ येते, परंतु टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ मिलिमीटरवर उतरते. बार्शीच्या आसपासचे रस्ते आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. एखाद्या न दिसलेल्या गतिरोधकावर किंवा खड्ड्याच्या धारेवर अशा टायरला फुगा येतो आणि तो दुरुस्त होत नाही, टायर फेकावाच लागतो. रुंद टायर पाण्यावर तरंगण्याचा धोकाही अधिक, हे वेगळेच.

बदल करायचाच असेल, तर १९५/५५ आर १६ हे माप पाहावे. त्याची उंची मूळ चाकाएवढीच, ६२१ मिलिमीटर भरते, भिंत फक्त १३ मिलिमीटरने कमी होते आणि परफॉर्मन्सकडे झुकणाऱ्या टायरांची निवडही या मापात अधिक आहे. त्याचा भार निर्देशांक बहुधा ८७, म्हणजे ५४५ किलो असतो, तो मूळपेक्षा किंचित कमी आहे. म्हणून आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी हे माप देते की नाही, ते पुस्तिकेत पाहून घ्यावे. देत असेल, तर विम्याच्या दाव्याच्या वेळी हरकतीला जागा राहत नाही. चार अलॉय आणि चार टायर यांचा खर्च पाहता मी स्वतः मूळ रिमवर अधिक चांगला टायर घालणे पसंत करीन.

प्रश्न : मी सेवानिवृत्त असून माझी गाडी वर्षाला जेमतेम ३,००० किलोमीटर चालते. टायर सात वर्षांचे झाले आहेत, पण नक्षी जवळजवळ नव्यासारखी आहे. मुलगा बदलायला सांगतो. दुकानात दोन वर्षांपूर्वी बनलेले टायर सवलतीत मिळत आहेत, ते घ्यावेत का? जुन्या बाजारात कमी वापरलेले टायरही अर्ध्या किमतीत मिळतात. (एक वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर)

उत्तर : मुलाचे ऐकावे. नक्षीची खोली हे टायरच्या झिजेचे माप आहे. रबराच्या वयाचे नव्हे. मोटारीसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरलेली आहे आणि खाचांच्या तळाशी असलेले आडवे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की ती मर्यादा गाठली असे समजावे. वयाचे तसे उंचवटे नसतात. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर हळूहळू कोरडे आणि कडक होते; दिवसचे दिवस अंगणात एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर तर अधिकच, कारण टायर फिरत राहिला तरच रबरातले संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते. टायर दिवसा उजेडात पाहावा. भिंतीवर किंवा खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगांचे जाळे दिसले, तर त्या गाडीने हैदराबाद रस्त्याला लागू नये. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि कितीही चांगला दिसला तरी दहाव्या वर्षी निवृत्ती, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. सोलापूरच्या उन्हात मी सहा-सात वर्षांची मर्यादा धरतो.

भिंतीवर ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ‘१४२४’ असेल, तर टायर २०२४ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. हे आकडे काही वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून टायर उलटून पाहावा. सावलीत, नीट रचून ठेवलेला एक वर्षापर्यंतचा टायर नव्यासारखाच मानावा. दोन वर्षांचा टायर पत्र्याच्या शेडमध्ये पडून असेल, तर सवलत कितीही असली तरी आपल्यासारख्या कमी वापराच्या ग्राहकाने तो घेऊ नये. वर्षाला १८,००० किलोमीटर चालणारा माणूस असा टायर वय होण्याआधी झिजवून टाकतो. आपल्याकडे तो झिजण्याआधी म्हातारा होईल. आपल्याला महागड्या पकडीच्या टायरचीही गरज नाही. साधा, ताजा, मूळ मापाचा टायर घ्यावा.

वापरलेले टायर घेऊ नयेत. ते कोणत्या अपघातातल्या गाडीवरून उतरले, आतून किती पंक्चर काढले आणि कमी हवेवर किती धावले, हे बाहेरून कळत नाही.

प्रश्न : सध्या दोनच टायर बदलण्याइतके पैसे आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे आणि पुढचे टायर अधिक झिजले आहेत. नवे टायर पुढेच बसवावेत ना? (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : नवे टायर मागे बसवावेत आणि मागचे त्यातल्या त्यात बरे टायर पुढे आणावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर स्टिअरिंग हलके झाल्याचे हाताला कळते आणि वेग कमी केला की गाडी बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली, तर गाडी स्वतःभोवती फिरू लागते आणि सावरायला वेळ मिळत नाही. दोन्ही नवे टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे हवेत, आणि एकाच आसावर एक नवा व एक जुना असे कधीही ठेवू नये. पुढे आणलेले जुने टायर १.६ मिलिमीटरच्या खुणेच्या जवळ असतील, तर दोन टायरांचे हे गणित जुळत नाही; अशा वेळी दुकानदाराशी चार टायरांच्या हप्त्यांविषयी बोलावे आणि तोपर्यंत गाडी गावातल्या गावात, कमी वेगाने वापरावी. चारही टायर बदलल्यावर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे अशी अदलाबदल करून घेतली, तर पुढच्या वेळी चारही एकत्रच झिजलेले मिळतील.